शहागंजात मोटार भरायला गेलो होतो



कपाशीची तिसरी वेचणी उरकली. सप्टेंबरच्या पावसानं खालची बोंडं सगळी सडली, त्यामुळं एकरी साडेतीन क्विंटलवर गाडी अडली. गव्हाला दुसरं पाणी चालू आहे. अद्रक अजून जमिनीत आहे, तिचं पुढच्या वेळी लिहितो. आज पिकाचं नाही, पोराचं लिहायचं आहे. बऱ्याच जणांनी विचारलं, तुमचं धाकटं हल्ली ट्रॅक्टरवर दिसत नाही, कुठं असतं? एकेकाला फोनवर सांगण्यापेक्षा इथंच सांगतो. आमच्यासारखी घरं लई आहेत.

गेल्या वर्षी याच दिवसांत विहिरीवरची पाच एचपीची मोटार जळाली. रात्रीची लाईट होती. ऑटोवर टाकून झोपलो. रात्रीतून एक फेज गेला, मोटार दोन फेजवर घुरघुरत राहिली आणि सकाळी गेलो तर जळका वास. सिंगल फेज प्रिव्हेंटर होता, पण तो सारखा ट्रिप मारायचा म्हणून मीच तार जोडून बायपास केला होता. चूक माझी. कुणी तसं केलं असेल तर आजच जाऊन काढा.

तालुक्याच्या दुकानदारानं आठ दिवस सांगितले. गहू ऐन मुकुटमुळं फुटायच्या वेळेला आलेला, आठ दिवस थांबणं परवडत नव्हतं. आमच्या वडिलांच्या काळापासून शहागंजात एक उस्ताद आहे, मोटारी भरतो. मोटार पिकअपमध्ये टाकली, धाकट्याला सोबत घेतलं आणि सकाळी सहालाच निघालो. हर्सूल, दिल्ली दरवाजा करत शहागंजात पोचलो तेव्हा साडेसात झाले असतील.

शहागंज ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. निजामाच्या काळातलं घड्याळाचं टॉवर, चमन, भाजीचा बाजार, हातगाड्या आणि त्यातून वाट काढणाऱ्या रिक्षा. सकाळी कामाच्या आशेनं माणसं उभी असतात. कुणाजवळ थापी-ओळंबा, कुणाजवळ रंगाचा ब्रश, कुणाजवळ काहीच नाही. ज्याच्याजवळ काहीच नाही त्याला शेवटी उचलतात आणि पैसेही त्यालाच कमी देतात. त्या गर्दीत आमच्या गावची दोन पोरं दिसली. एकोणीस-वीसची. गावात सांगतात, वाळूजला कंपनीत आहोत. त्यांनी मला बघितलं आणि तोंड फिरवलं. मीही पिकअपचा काच वर केला. काय बोलणार? धाकटा म्हणाला, "दादा, मला माहीत होतं. कंपनीतनं तीन महिन्यांतच काढलं त्यांना." त्याला माहीत होतं, मला नव्हतं.

उस्तादचं दुकान दहा बाय पंधराचं. आत जळालेल्या तांब्याचा आणि वार्निशचा वास. एक पोरगं, असेल सतरा वर्षांचं, मोटार खोलून बसलेलं. त्यानं आमची मोटार घेतली, जुनी वाइंडिंग कापायच्या आधी वही काढली आणि लिहायला लागलं. खाचा किती, एका कॉइलचे वेढे किती, तार किती नंबरची, कॉइल कुठल्या खाचेतून निघून कुठल्या खाचेत जाते, जोडणी कशी. हा डाटा चुकला तर नवी भरलेली मोटारही पहिल्या दिवशी जळते. वेढे मोजताना कुणी बोललेलं त्याला चालत नव्हतं. मी मध्ये काहीतरी विचारलं तर त्यानं हात वर केला, थांबा म्हणून.

मग तो उस्तादला म्हणाला, "एकोणीस की तार खतम है, बावीस की डबल डालूं?" उस्तादनं मान हलवली.

मी दहावी पास आहे, पण मला हे काही समजलं नाही. धाकट्याला समजलं नाही ते त्याला रात्रभर खुपत राहिलं. घरी आल्यावर त्यानं मोबाईलवर तारेच्या गेजचा तक्ता काढला. १९ नंबरची तार इंचाच्या हजार भागांपैकी ४० भाग जाड, २२ नंबरची २८ भाग. ४० चा वर्ग १६००. २८ चा वर्ग ७८४, दोन तारा म्हणून १५६८. म्हणजे जवळजवळ तेवढंच तांबं. मला उठवून दाखवलं त्यानं, रात्रीचे अकरा वाजता. ज्या पोराला गणित येत नाही म्हणून मी चारचौघांत बोललो होतो, ते पोरगं वर्ग काढत बसलं होतं.

पण दुकानातली गोष्ट राहिली. मोटार खोललेली, आम्ही बाकड्यावर बसलेलो. उस्तादनं चहा मागवला. धाकटा सारखा त्या पोराच्या हाताकडं बघत होता. उस्तादनं ते टिपलं. म्हणाला, "पाटील, ये क्या करता?" म्हणलं, शेतीच करतो माझ्यासोबत. "कित्ता पढ़ा?" म्हणलं, नववी. पुरी नाही. तर उस्ताद पोराकडं वळून म्हणाला, "कायकू छोड़ा बेटा इस्कूल?"

पोरगं माझ्याकडं बघायला लागलं.

आता ते सांगतो. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा तो सातवीत होता. आठवी सगळी मोबाईलवर, आणि मोबाईल घरात एकच, तोही माझ्या खिशात. परीक्षा न होता सगळे वर गेले. नववीला हायस्कूल तालुक्याला. शाळा उघडली आणि दिवाळीच्या तोंडावर एसटीचा संप लागला, तो थेट २०२२ च्या एप्रिलपर्यंत चालला. काळी-पिवळीचे रोजचे पैसे. हे सगळं खरं आहे आणि कुणी विचारलं की मी हेच सांगायचो: कोरोना, संप. पण त्यात एक गोष्ट मी सांगत नव्हतो. त्या वर्षी कापूस दहा हजारावर गेला होता. वेचायला बाया मिळेनात, मिळाल्या तर भाव वाढवून मागायच्या. घरात चौदा वर्षांचं धडधाकट पोरगं, बस बंद, शाळा अर्धीमुर्धी. मी म्हणलं, महिनाभर वेच, मग जा. त्याची आई नको म्हणत होती. महिन्याचे तीन महिने झाले. मग पोराचंच मन उडालं. दोन वेळा मास्तर गावात आले, मी म्हणलं येईल, येईल. कापसाचे पैसे आले त्यातून रोटाव्हेटर घेतला. तो आजही दारात उभा आहे. रोज दिसतो.

कोरोना आला नसता तर शिकला असता का, याचं उत्तर माझ्याकडं नाही. पण संपामुळं सुटली असं मी लोकांना सांगत होतो, ते अर्धंच खरं होतं.

नंतरची तीन वर्षं गावाकडच्या कुठल्याही घरासारखी. थोडी शेती, थोडा ट्रॅक्टर, थोडा मोबाईल. मध्ये एका केंद्रात तीन महिन्यांचं प्रशिक्षण केलं. नाव घेत नाही. सकाळी अंगठा लावायचा, फोटो काढायचा, एकच मशीन आणि पंचवीस पोरं. शेवटी रंगीत सर्टिफिकेट मिळालं. ते घेऊन कंपनीच्या गेटवर गेला तर तिथल्या माणसानं विचारलं, दहावीचं मार्कशीट कुठाय? त्या सर्टिफिकेटला त्याच्या आईनं प्लास्टिक लावून कपाटात ठेवलंय.

त्या काळात मी योजना शोधायला लागलो. आपल्या वाचकांत कृषी सहायक आणि केव्हीकेचे साहेबही आहेत, त्यांनी हे जरा नीट वाचावं. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ ला आली, सहा महिने काम शिका, विद्यावेतन घ्या. बारावीला ६ हजार, आयटीआयला ८, पदवीला १०. बारावीच्या खाली काही नाही. सोलर पंप गावोगाव बसले, मागेल त्याला मिळतोय, पण बिघडला तर दुरुस्तीचा माणूस चार-चार दिवस उगवत नाही. म्हणलं, हेच शिकवू. तर सूर्यमित्रच्या प्रशिक्षणाला दहावी आणि वर आयटीआय. फवारणीचं ड्रोन? पायलटचं लायसन घ्यायला दहावी पास लागते, २०२१ च्या नियमात लिहिलंय. चिकलठाण्यातलं इंडो-जर्मन टूल रूम, आपल्या जिल्ह्याची शान. तिथल्या टूल अँड डायच्या डिप्लोमालाही दहावी. जिथं जावं तिथं त्याच एका उंबऱ्याला ठेच. आणि गंमत म्हणजे ज्याला सगळ्यात जास्त गरज, तो त्या उंबऱ्याच्या बाहेर उभा. शहागंजात सकाळी उभी असलेली ती दोन पोरं अशीच, एक आठवीतून सुटलेलं, एक दहावीत दोन विषय राहिलेलं.

मग जर्मनीचं काय म्हणतात ते विचारलं, टूल रूममधनं शिकलेल्या आमच्या एका पाहुण्याला. तो म्हणाला, तिकडं शाळेत फार चमकलं नाही असं पोरगंसुद्धा आठवड्यातले तीन-चार दिवस कारखान्यात किंवा दुकानात मिस्त्रीच्या हाताखाली असतं आणि एक-दोन दिवस शाळेत. शेवटी परीक्षा, आणि त्या कागदाला सगळ्या देशात किंमत. म्हणलं, यात नवं काय? उस्तादच्या दुकानातही पोरगं हाताखालीच शिकतंय. हिमरू विणणारेही या शहरात असंच उस्तादाजवळ बसून शिकले. फरक एवढाच की आपल्याकडं उस्तादच्या हाताखाली पाच वर्षं काढलेल्याला कागद मिळत नाही, आणि कागद मिळतो तिथं उस्ताद नसतो.

सरकारनं यावर विचार केलाच नाही असं नाही. अप्रेंटिस कायदा १९६१ चा आहे. २०१९ च्या नियमात पाचवी ते नववी शिकलेल्या पोरालाही अप्रेंटिस म्हणून महिना ५ हजार धरलेत. वाचून मला आनंद झाला. पुढं वाचलं तर अप्रेंटिस ठेवायचा तर आस्थापनेत निदान चार माणसं पाहिजेत. आमच्या उस्तादकडं तो धरून तीन. पीएम विश्वकर्मात शिक्षणाची अट नाही, रोज ५०० रुपये आणि हत्यारांसाठी १५ हजार मिळतात, पण त्यातल्या १८ धंद्यांत लोहार, सुतार, कुंभार, शिंपी, गवंडी सगळे आहेत, मोटार भरणारा नाही. गावात आज लोहारापेक्षा मोटारवाल्याची वाट जास्त बघतात, पण यादी करणाऱ्याच्या डोळ्यापुढं कुठलं गाव होतं कोण जाणे.

असो. त्या दिवशी मोटार घेऊन निघताना धाकट्यानंच उस्तादला विचारलं, मी येऊ का शिकायला? मी मध्ये बोललो नाही. उस्ताद म्हणाला, तीन महिने पगार नाही, दुपारचं जेवण आणि गाडीभाडं देईन. आणि एक अट, मोबाईल दुकानात आल्यावर गल्ल्यात ठेवायचा. चौदाच्या आतलं पोरगं मी ठेवत नाही, याचं वय किती? सतरा पूर्ण, म्हणलं. आधार दाखवा म्हणाला. दाखवलं.

जानेवारीपासून तो जातो. पहिला महिना नुसतं जळकं तांबं काढणं आणि खाचा साफ करणं. दुसऱ्या महिन्यात कागद कापणं. खाचेत तार बसवायच्या आधी जो इन्सुलेशन कागद घालतात तो. हाताला फोड आले, बोलला नाही. चौथ्या महिन्यात पहिली मोटार स्वतः भरली आणि ती घालवली. एका खाचेत कागद सरकलेला, तार लोखंडाला घासून तिचं एनॅमल गेलं आणि टेस्ट लॅम्पवर बॉडीला करंट. सगळी वाइंडिंग कापून परत भरावी लागली. तांब्याचा आजचा भाव तुम्हाला माहीत आहे. मला वाटलं, आता घरी बसतो. उस्ताद पैसे कापेल म्हणून मी पाचशेच्या चार नोटा घेऊन गेलो होतो. त्यानं घेतल्या नाहीत. म्हणाला, "पाटील, मैं छे जलाया था पहले साल." मग ती जळकी कॉइल त्यानं दुकानात खिळ्याला टांगून ठेवली, अजून टांगलेली आहे. येणारं-जाणारं गिऱ्हाईक विचारतं हे काय, आणि धाकट्याला सांगावं लागतं. मला तर हा दंड दोन हजारापेक्षा जास्त वाटला.

आता रोज अडीचशे मिळतात. शेतमजुरीपेक्षा कमीच. गावात लोक म्हणतात, काय उपयोग, घरचा ट्रॅक्टर सोडून दुसऱ्याच्या दुकानात. लग्नाच्या बाजारात तर दुकानातल्या पोराला शेतकऱ्यापेक्षाही खाली मोजतात, ते वेगळंच. आणि उस्ताद स्वतः काय म्हणतो तेही लपवत नाही. तो म्हणतो, सोलर आलंय, त्यात कंट्रोलर आहे, ते मला येत नाही. स्वस्तातल्या मोटारी आल्यात, जळाली की लोक नवीच घेतात. अजून दहा वर्षं मोटारी भरायला येतील, पुढचं माहीत नाही. म्हणून त्यानंच धाकट्याच्या मागं लागून सांगितलं, दसवीं करले. हात माझ्याकडं शिक, कागद सरकारकडनं आण, मग सोलरचं शीक.

म्हणून १७ नंबर फॉर्मचं ठरलं. शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसायचा बोर्डाचा फॉर्म. त्याला शाळा सोडल्याचा दाखला लागतो. तो काढायला मी हायस्कूलला गेलो. क्लार्कनं जुनं रजिस्टर काढलं, दाखला लिहिला. त्यावर एक रकाना असतो, शाळा सोडण्याचे कारण. त्यांनी लिहिलं, "सतत गैरहजर." मी तिथं उभा राहून वाचलं. चूक काही नव्हतं, गैरहजरच होता. पण तो कुठं हजर होता ते मला माहीत होतं, चार नंबरच्या वावरात, पाठीला झोळी बांधून. मी क्लार्कला म्हणलं, साहेब, हे बदलता येईल का? ते म्हणाले, काय लिहू? मला सांगता आलं नाही. दाखला घडी करून खिशात घातला. घरी पोरानं वाचला, काही बोललं नाही, झेरॉक्स काढायला गेलं.

आता ज्यांच्या घरी असं पोरगं किंवा पोरगी आहे त्यांच्यासाठी, मला धडपडून जे सापडलं ते सांगतो. मला कुणी वेळेवर सांगितलं नाही म्हणून.

आठवी झाली असेल तर आयटीआयचे सगळे दरवाजे बंद नसतात. वायरमन, वेल्डर, सुतारकाम या ट्रेडला आठवीवर प्रवेश आहे. वेल्डर एक वर्षाचा, वायरमन दोन वर्षांचा. म्हणजे २०२१ ला, पोरगं नववीत टिकत नाही हे दिसत होतं तेव्हाच, मी त्याला वायरमनला टाकू शकलो असतो. आज त्याच्या हातात कागद असता. आयटीआय म्हणजे दहावीनंतरच, असं मी धरून चाललो होतो. चार वर्षांनी कळलं.

वय अठरा झालं असेल तर प्रत्येक जिल्ह्यात लीड बँकेची ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था आहे, आरसेटी म्हणतात. राहणं, खाणं, शिकणं फुकट. तिथल्या कोर्समध्ये मोटार रिवाइंडिंग आहे, तीस दिवसांचा. तीस दिवसांत उस्ताद होत नाही, पण आधी हात बसलेला असेल तर तो कागद आणि बँकेच्या कर्जाची वाट कामाला येते. शिवणकाम वगैरे पोरींना गावाजवळच शिकायचं असेल तर जनशिक्षण संस्थान बघा, ते मुळात शाळा सुटलेल्यांसाठीच आहे. जायच्या आधी एकदा आत डोकावून बघा, मशीन किती आणि पोरं किती. पंचवीस पोरांत एक मशीन असेल तर घरी या.

आणि केव्हीकेच्या, कृषी विभागाच्या साहेबांना एक विनंती. तुम्ही आमच्या बांधावर बियाणं, फवारणी, माती परीक्षण सगळं सांगता, चांगलं सांगता. पण गावात स्प्रेपंप, मोटार, ठिबकचा फिल्टर, सोलरचा कंट्रोलर दुरुस्त करणारा माणूस नसेल तर ते सगळं वेळेवर होत नाही. गेल्या वर्षी माझा गहू मुकुटमुळाला पाच दिवस तहानलेला राहिला, बियाणं तुम्ही सांगितलेलंच होतं. पुढच्या शेतीशाळेला गावातली सुटलेली चार पोरंही बोलवा. पिवळ्या सापळ्यापाशी नका उभं करू, स्टार्टर खोलून दाखवा. ती उठून जाणार नाहीत.

शहागंजातल्या त्या दोघांपैकी एकाला धाकट्यानं गेल्या महिन्यात उस्तादकडं आणलं होतं. जागा नाही म्हणाला उस्ताद. खरंच नाही, तिघांचेच पाय पसरत नाहीत तिथं. ते पोरगं सकाळी अजून घड्याळाजवळ उभं राहतं. धाकटा दुकान उघडायला जाताना त्याच्याजवळ दोन मिनिटं थांबतो, म्हणतो. दुसऱ्याचं मला माहीत नाही.

रविवारी धाकटा घरी असतो. गोठ्याच्या बाजूला एक पत्र्याचं शेड टाकलंय, तिथं गावातल्या मोटारी घेतो. आणायची असेल तर स्टार्टरही सोबत आणा, नुसती मोटार भरून उपयोग नाही, पुन्हा जळते. आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये कुणी आणू नका. पेपर आहेत त्याचे.